छत्तीस टक्क्यांच्या लसीचं काय करायचं? मलेरियाची पहिली लस, २०१५ चा निर्णय आणि नंतरची सहा वर्षं

ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या दोन सल्लागार समित्या एकत्र बसल्या. एक लसीकरणाबद्दल सल्ला देणारी, दुसरी मलेरियाबद्दल. निर्णय एकाच लसीचा होता. तिचं नाव आरटीएस,एस. आफ्रिकेतल्या सात देशांत, अकरा केंद्रांवर, १५,४५९ बालकांमध्ये तिची चाचणी पूर्ण झाली होती. युरोपच्या औषध नियामकाने जुलैमध्येच अनुकूल मत दिलं होतं. मलेरियाची कुठलीही लस याआधी इथपर्यंत पोचलेली नव्हती.

अडचण आकड्याची होती. पाच ते सतरा महिन्यांच्या मुलांना चार डोस दिले आणि त्यांच्यावर सुमारे चार वर्षं लक्ष ठेवलं, तर मलेरियाचे आजार ३६ टक्क्यांनी कमी झाले. गोवराच्या लसीचे नव्वदीपार आकडे बघायची सवय असलेल्यांना हा नापासाचा शेरा वाटतो. समित्यांनी लस नाकारली नाही, पण मोकळी वाटही दिली नाही. आधी तीन ते पाच ठिकाणी प्रायोगिक स्वरूपात वापरून बघा, असं त्यांनी सांगितलं. सर्वसाधारण वापराची शिफारस त्यानंतर सहा वर्षांनी, ६ ऑक्टोबर २०२१ रोजी आली.

हा प्रकरण अभ्यास त्या सहा वर्षांचा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. समित्यांनी विचारलेले प्रश्न रास्त होते. उत्तर शोधायला सुरुवात करण्यातच जो वेळ गेला, तो मात्र समर्थनीय नव्हता.

लस कुठे मारा करते

डास चावतो तेव्हा मलेरियाचे परजीवी फार थोड्या संख्येने शरीरात शिरतात. या अवस्थेत त्यांना स्पोरोझॉइट म्हणतात. काही मिनिटांत, फार तर तासाभरात ते यकृतात पोचतात. तिथे आठवडाभरात एकेकाचे हजारो होतात, मग ते रक्तात उतरतात आणि ताप सुरू होतो. आरटीएस,एस या पहिल्या टप्प्यावर मारा करते. स्पोरोझॉइटच्या अंगावर एका प्रथिनाचं आवरण असतं, त्याचा तुकडा घेऊन तो कावीळ-बी लसीतल्या प्रथिनाला जोडलेला आहे.

या लसीची सगळी ताकद आणि सगळा कमकुवतपणा याच निवडीत आहे. परजीवी यकृतात शिरण्याआधी सगळेच्या सगळे अडले पाहिजेत. एक जरी निसटला तरी पुढे तोच पुरेसा असतो. त्यासाठी रक्तात प्रतिपिंडांची पातळी नुसती असून चालत नाही, ती प्रचंड असावी लागते. आणि प्रचंड पातळी टिकत नाही.

कल्पना जुनीच आहे. रूथ नुसेनझ्वाइग यांनी १९६७ मध्ये दाखवलं की किरणोत्साराने निष्प्रभ केलेले स्पोरोझॉइट उंदरांना टोचले तर त्यांना संरक्षण मिळतं. १९८४ मध्ये त्या आवरण-प्रथिनाचा जनुक उलगडला. १९८७ पासून बेल्जियममध्ये, आज जीएसके म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेबरोबर लसीवर काम सुरू केलं. परदेशी तैनात होणाऱ्या सैनिकांना मलेरिया होऊ नये, ही लष्कराची गरज होती. आफ्रिकेतलं बाळ तेव्हा या चित्रात मध्यभागी नव्हतं. ते आलं १९९९ नंतर, गेट्स फाउंडेशनच्या पैशातून ‘पाथ’ या संस्थेचा मलेरिया लस उपक्रम उभा राहिल्यावर.

१९९७ मध्ये सात स्वयंसेवकांना लस देऊन मुद्दाम संसर्गित डास चावू दिले. सातांपैकी सहा जणांना मलेरिया झाला नाही. मग गांबियात प्रौढ पुरुषांवर चाचणी झाली. पहिले नऊ आठवडे ७१ टक्के संरक्षण, पुढच्या सहा आठवड्यांत शून्य. लस काम करते आणि विरते, हे म्हणजे २००१ मध्येच छापून आलं होतं. पुढच्या पंधरा वर्षांत लसीबरोबर दिली जाणारी, प्रतिसाद वाढवणारी औषधी जोड बदलली, वयोगट बदलला, देश बदलले, पण या वाक्यात फारसा फरक पडला नाही. २०१५ मध्ये ज्यांना धक्का बसला, त्यांनी गांबिया नीट वाचलं नव्हतं असंच म्हणावं लागेल.

छत्तीस म्हणजे नेमके किती

आता त्या आकड्याकडे पुन्हा बघू. गोवर माणसाला एकदाच होतो. त्यामुळे तिथे टक्केवारी म्हणजे किती मुलं वाचली, असा सरळ हिशेब लागतो. मलेरियाचं तसं नाही. जिथे डास वर्षभर असतात तिथलं मूल पाच वर्षांचं होईपर्यंत अनेकदा मलेरियाने आजारी पडतं. म्हणून छत्तीस टक्के म्हणजे शंभरातली छत्तीस मुलं कायमची सुरक्षित आणि चौसष्ट उघडी, असं नाही. आजारपणाच्या एकूण खेपांपैकी छत्तीस टक्के खेपा कमी झाल्या.

चाचणीत चार डोस घेतलेल्या दर हजार मुलांमागे मलेरियाचे १,७७४ आजार टळले. मुलांपेक्षा टळलेले आजार जास्त! केंद्राकेंद्रांत फरकही मोठा होता. मलेरिया कमी असलेल्या केंद्रात हजारामागे २०५, सर्वाधिक असलेल्या केंद्रात ६,५६५. तीच लस, तोच डोस. मलेरिया जितका जास्त, तितकी ही ‘नापास’ लस उपयोगी. टक्केवारी गाळून हा एकच आकडा लोकांपुढे ठेवला असता तर चर्चेचा सूर वेगळा लागला असता असं मला वाटतं, पण वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत छत्तीसच गेले.

त्याच अहवालात एक गोष्ट होती जिच्यावर मथळे आले नाहीत आणि यायला हवे होते. गंभीर मलेरियापासून चार डोस घेतलेल्यांना ३२ टक्के संरक्षण मिळालं. तीनच डोस घेतलेल्यांना? १.१ टक्के. म्हणजे नसल्यातच जमा. पहिल्या तीन डोसांनी सुरुवातीला गंभीर आजार रोखला, पण रोखलेले आजार पुढे सरकले. छोट्या वयात मलेरिया न झालेल्या मुलाची नैसर्गिक प्रतिकारशक्तीही तितकी उशिरा घडते, आणि लस विरल्यावर ते मूल उघडं पडतं. २०१६ मध्ये केनियातल्या ४४७ मुलांच्या सात वर्षांच्या पाठपुराव्याचा अहवाल आला. तीन डोसांनंतरची सात वर्षांची एकत्रित परिणामकारकता ४.४ टक्के होती, आणि जास्त डास असलेल्या भागातल्या लस घेतलेल्या मुलांना पाचव्या वर्षी उलट जास्त मलेरिया झाला. समित्यांची सावधगिरी भित्रेपणाची नव्हती, हे यावरून दिसतं. चौथा डोस ही जास्तीची चैन नव्हती. तोच मूळ मुद्दा होता.

आणि चौथा डोस द्यायचा कोणी, केव्हा? चाचणीत दोन वयोगट होते. सहा ते बारा आठवड्यांची तान्ही बाळं हा एक. त्यांना इतर लसींबरोबरच ही देता आली असती, कारण जगभर त्या वयात आया दवाखान्यात येतातच. आपल्याकडचा दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचा डोस आठवा, तोच हा काळ. पण या गटात चार डोसांनंतरही परिणामकारकता २६ टक्क्यांच्याच आसपास राहिली. आईकडून आलेली प्रतिपिंडं आणि बाळाची कच्ची प्रतिकारशक्ती या कारणांकडे बोट दाखवलं गेलं. लस बरी चालली ती पाच महिन्यांपुढच्या मुलांत. आता साडेतीन महिन्यांच्या डोसनंतर पुढची फेरी कधी असते? नऊ महिन्यांना, गोवराची. मधल्या पाचव्या, सहाव्या, सातव्या महिन्यात बाळाला कडेवर घेऊन केंद्रापर्यंत चालत यायला आईकडे कारणच नाही. आणि चौथ्या डोसला दोन वर्षांच्या आसपास पुन्हा यायचं.

चाचणीत घरोघरी जाणारे कर्मचारी होते, वाहनं होती, याद्या होत्या. खऱ्या आरोग्य केंद्रात एक परिचारिका असते आणि बाहेर रांग असते. समित्यांचा पहिला प्रश्न हाच होता की नेहमीच्या यंत्रणेला हे चार डोस झेपतील का. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचाही हाच.

मेंदूज्वर, मुली, मृत्यू

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. मोठ्या वयोगटात मेंदूज्वराचे २२ रुग्ण निघाले. त्यातले २१ लस घेतलेल्या दोन गटांत, आणि तुलनेसाठी रेबीजची लस दिलेल्या गटात एकच. मुलांची विभागणी दोनास एक होती, म्हणजे सारखं प्रमाण असतं तर तुलना गटात सातेक असायला हवे होते. आजार आणि डोस यांच्या वेळेत मेळ नव्हता, आणि लसीने मेंदूज्वर कसा व्हावा याचं पटण्यासारखं कारणही कोणाला सापडत नव्हतं. योगायोग असण्याची शक्यता मोठी होती. पण लाखो निरोगी बाळांना टोचायची वस्तू असेल तर ‘बहुधा योगायोग’ एवढ्यावर कोण सही करणार? मेंदूत जाणारा मलेरियाही लस घेतलेल्यांत जास्त दिसला होता. शिवाय मागाहून आकडे चाळताना लस घेतलेल्या मुलींत मृत्यू जास्त आढळले, मुलग्यांत तसं नव्हतं. असे मागाहून चाळलेले आकडे अनेकदा फसवे निघतात. नेहमी निघतात असं नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत साधा होता. लसीने जीव वाचतात का? चाचणीतून ते सिद्ध झालंच नाही. कारण विचित्र आहे: चाचणीतल्या मुलांची काळजीच इतकी चांगली घेतली गेली की दोन्ही बाजूंना मृत्यू कमी झाले. ताप आला की तपासणी, तपासणी झाली की औषध. असा शेजार मिळाला तर मलेरियाने फारशी मुलं मरत नाहीत. लसीचा मृत्यूवरचा परिणाम मोजायचा तर हा शेजार नसलेल्या ठिकाणीच जायला हवं होतं.

साडेतीन वर्षं कुठे गेली

ऑक्टोबर २०१५ मध्ये निर्णय. जानेवारी २०१६ मध्ये संघटनेचं अधिकृत भूमिकापत्र. मग पैशांची जमवाजमव. गावी, ग्लोबल फंड आणि युनिटएड या तीन निधीसंस्थांनी मिळून पहिल्या टप्प्यासाठी पाच कोटी डॉलरच्या आसपास रक्कम देण्याचं २०१६ च्या अखेरीस ठरलं. डोस जीएसके फुकट देणार होती, एक कोटीपर्यंत. एप्रिल २०१७ मध्ये घाना, केनिया आणि मलावी या देशांची नावं जाहीर झाली. पहिल्या बाळाला पहिला डोस मलावीत २३ एप्रिल २०१९ रोजी मिळाला, आठवडाभरात घानात, आणि केनियात सप्टेंबरमध्ये.

म्हणजे लस तयार, चाचणी संपलेली, डोस फुकट, आणि तरी ‘वापरून बघा’ या शिफारशीपासून प्रत्यक्ष वापरापर्यंत साडेतीन वर्षं. या काळात जगात दरवर्षी पाच लाखांहून अधिक माणसं मलेरियाने मरत होती, त्यातली बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. लस असती तर ती सगळी वाचली असती असा दावा मी करणार नाही. तेवढे डोसच नव्हते. पण वर्षभराहून अधिक वेळ केवळ पैसे कोण देणार हे ठरण्यात गेला, आणि हे कळायला २०१५ उजाडण्याची गरज नव्हती. चाचणी २००९ पासून सुरू होती. निकाल मधला लागला, ना धड यश ना धड अपयश, तर पुढचं पाऊल काय आणि त्याचा खर्च कुठून, याची तयारी चाचणी चालू असतानाच व्हायला हवी होती. २००४ च्या मोझांबिकमधल्या चाचणीत साध्या मलेरियावर सुमारे ३० टक्के आणि गंभीर मलेरियावर ५८ टक्के परिणाम दिसला होता. मधला निकाल लागणार हे उघड होतं.

चाचणी की लसीकरण

प्रायोगिक वापराची आखणी अशी होती. तिन्ही देशांत मिळून १५८ विभाग निवडले: घानात ६६, केनियात ४६, मलावीत ४६. केनियातले विभाग व्हिक्टोरिया सरोवराभोवतालच्या काउंटींमधले, जिथे मलेरिया सर्वाधिक. चिठ्ठ्या टाकून निम्म्या विभागांत लस आधी सुरू केली, उरलेल्यांत नंतर. लस देणार देशाची नेहमीची लसीकरण यंत्रणा. वेळापत्रकही प्रत्येक देशाचं स्वतःचं: मलावीत पाच, सहा, सात आणि बावीस महिने, घाना आणि केनियात सहा, सात, नऊ आणि चोवीस महिने, म्हणजे तिसरा डोस गोवराबरोबर. मग दोन्ही प्रकारच्या विभागांतले गंभीर आजार आणि मृत्यू मोजायचे.

यावर वाद झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने लेख छापला की हा संशोधनाचाच प्रकार आहे, मग पालकांची सविस्तर लेखी संमती का घेतली नाही? मेंदूज्वराची आणि मुलींच्या मृत्यूंची शंका त्यांना सांगितली होती का? संघटनेचं म्हणणं असं की तिन्ही देशांच्या नियामकांनी लसीला मान्यता दिली आहे, हे नेहमीचं लसीकरण आहे आणि मूल्यमापन त्याच्या सोबत चाललं आहे.

मला दोन्ही बाजू पूर्ण पटत नाहीत. प्रत्येक आईकडून आठ पानी संमतिपत्रावर अंगठा घ्यायचा, तर नेहमीच्या यंत्रणेची परीक्षा होत नाही, पुन्हा चाचणीच होते. पण चिठ्ठ्या टाकून विभाग पाडायचे, शंका खुद्द संघटनेच्याच कागदावर लिहिलेल्या असायच्या आणि दारात आलेल्या आईला फक्त ‘नवी लस आहे’ एवढंच कळायचं, हेही बरोबर नाही. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. आपल्याकडे लसीकरण सत्रात बसलेली आशाताई ‘ताप येईल, घाबरू नका’ असं सांगतेच ना. सांगितलं की लोक पळून जातात, ही भीती मला नेहमीच लोकांना कमी लेखणारी वाटत आली आहे.

हाती काय लागलं

२०२१ पर्यंत तीन देशांत आठ लाखांहून अधिक मुलांना मिळून २३ लाखांवर डोस देऊन झाले होते, तेही करोनाच्या ऐन धुमाळीत. मेंदूज्वर वाढलेला दिसला नाही. मेंदूतला मलेरियाही नाही. मुलींचे जादा मृत्यूही नाहीत. तिन्ही शंका फिटल्या. लस मिळाली म्हणून लोकांनी मच्छरदाण्या गुंडाळून ठेवल्या, असंही झालं नाही. उलट मच्छरदाणीत न झोपणाऱ्या मुलांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक मुलांपर्यंत लस पोचत होती. दुसरं कुठलंच संरक्षण नसलेल्या घरात हे एक तरी पोचलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बुर्किना फासो आणि मालीतल्या सुमारे सहा हजार मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तिथे मलेरिया पावसाळ्यातच उसळतो. म्हणून पावसाआधी लस, आणि पावसाळाभर दरमहा प्रतिबंधक गोळ्या. नुसत्या गोळ्यांच्या तुलनेत दोन्ही मिळून घेतलेल्यांत साधा मलेरिया ६३ टक्क्यांनी, रुग्णालयात न्यावा लागणारा गंभीर मलेरिया ७० टक्क्यांनी आणि मलेरियाचे मृत्यू ७३ टक्क्यांनी कमी झाले. विरणारी लस विरण्याआधी वापरायची, इतकी सरळ कल्पना. पेरणी कधी करायची हे ज्याला कळतं त्याला ही सुचायला हरकत नव्हती, पण लसीकरण वर्षभर सारखं चालतं या सवयीमुळे उशिरा सुचली.

मृत्यूचं उत्तर शेवटी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झालं. लस सुरू असलेल्या विभागांत लसीच्या वयातल्या मुलांचे मृत्यू, अपघात वगळता सर्व कारणांचे मिळून, १३ टक्क्यांनी कमी झाले होते. रुग्णालयात दाखल होणारा गंभीर मलेरिया २२ टक्क्यांनी घटला होता. तेरा हा आकडाही लहान दिसतो, म्हणून तो सावकाश वाचावा. यात फक्त मलेरियाचे मृत्यू मोजलेले नाहीत, न्यूमोनिया आणि जुलाबाचेही धरले आहेत. आणि त्या विभागांतल्या प्रत्येक मुलाला लस मिळालेली नव्हती. एवढं असूनही एकूण बालमृत्यूंत इतकी घट घडवणारी साधनं बालआरोग्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

हे उत्तर मोजमापाशिवाय मिळालं नसतं. ‘२०१५ मध्येच सरसकट लस द्यायला हवी होती’ असं म्हणणाऱ्यांशी माझं इथे जुळत नाही. शंका तशाच ठेवून लस दिली असती आणि एखाद्या देशात मेंदूज्वराची अफवा उठली असती, तर उत्तर द्यायला कोणाकडे काही नसतं.

पुण्याचा भाग

शिफारस आली तेव्हा दुसरीच अडचण समोर आली. डोस कुठे आहेत? जीएसके वर्षाला दीड कोटी डोस देणार होती. अंदाजे मागणी लवकरच चार ते सहा कोटींवर जाणार होती आणि २०३० पर्यंत आठ ते दहा कोटींवर. एका मुलाला चार डोस लागतात, हे धरा. जुलै २०२३ मध्ये बारा देशांना २०२५ पर्यंतच्या काळासाठी मिळून १ कोटी ८० लाख डोस वाटून देण्यात आले. कोणत्या जिल्ह्यातल्या मुलांना आधी द्यायचं याची नियमावलीच त्यासाठी लिहावी लागली होती. किंमतही डोसला नऊ युरोंच्या वर.

याच वेळी ऑक्सफर्डच्या जेनर संस्थेत एड्रियन हिल यांचा गट आर२१ ही लस घेऊन पुढे आला होता. ती आरटीएस,एसचीच धाकटी बहीण. तेच आवरण-प्रथिन, तोच कावीळ-बीचा आधार. फरक असा की जुन्या लसीच्या कणांत मलेरियाचा भाग जोडलेलं प्रथिन थोडं आणि नुसतं कावीळ-बीचं प्रथिन बरंच जास्त असतं. आर२१ मध्ये प्रत्येक प्रथिनाला मलेरियाचा भाग जोडलेला आहे. म्हणून २५ ऐवजी ५ मायक्रोग्रॅम पुरतात. सोबत प्रतिसाद वाढवणारी औषधी जोड, मॅट्रिक्स-एम, नोव्हाव्हॅक्सची. दोन्ही लसींच्या जोडीतला एक घटक चिलीतल्या एकाच झाडाच्या सालीतून येतो. आपल्या रिठ्यासारखा पाण्यात फेस करणारं हे झाड आहे.

नानोरो या बुर्किना फासोतल्या गावी हलिदू तिंतो यांच्या देखरेखीखाली ४५० मुलांवर चाचणी झाली. २०२१ मध्ये निकाल आला: वर्षभरात ७७ टक्के. मग चार देशांत ४,८०० हून अधिक मुलांवर मोठी चाचणी. हंगामी मलेरियाच्या ठिकाणी ७५ टक्के, वर्षभर मलेरिया असलेल्या ठिकाणी ६८. मोठ्या चाचणीला पैसे ही लस बनवणाऱ्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दिले.

इथे आपल्याकडच्या बातम्यांत एक गफलत झाली. ‘पुण्याची लस दुप्पट गुणकारी’ असा सूर लागला. पण ७५ टक्के हा बारा महिन्यांचा आकडा आहे आणि ३६ टक्के चार वर्षांचा. आरटीएस,एसही पहिल्या वर्षी निम्म्याच्या आसपास होती, आणि हंगामाआधी दिली तर तीही पंचाहत्तरच्या घरात जाते, असं संघटनाच सांगते. दोन्ही लसी शेजारी ठेवून केलेली तुलना शिफारशीच्या वेळी हाताशी नव्हती, आणि एक दुसरीपेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही, असंच संघटनेने लिहिलं.

सीरमचा खरा हातभार वेगळ्या जागी आहे, आणि मला तो टक्क्यांपेक्षा मोठा वाटतो. क्रम उलटा लागला. आर२१ च्या बाबतीत कारखाना चाचणीच्या बरोबरीने उभा राहिला. घानाने एप्रिल २०२३ मध्ये तिला पहिली मान्यता दिली. संघटनेची शिफारस २ ऑक्टोबर २०२३ रोजी आली आणि पूर्वमान्यता त्याच डिसेंबरात. मे २०२४ मध्ये पुण्याहून मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाकडे पहिली खेप निघाली, तेव्हा अडीच कोटी डोस बनून पडले होते आणि वर्षाला दहा कोटींची क्षमता तयार होती. किंमत डोसला दोन ते चार डॉलर. शिफारस ते नेहमीचा वापर हे अंतर पहिल्या लसीला वर्षांत मोजावं लागलं होतं. इथे आयव्हरी कोस्ट आणि दक्षिण सुदानमध्ये जुलै २०२४ मध्ये टोचणी सुरूही झाली. अर्थात ही वाट पहिल्या लसीनेच मोकळी केली होती. सुरक्षिततेचे प्रश्न, मृत्यूचा प्रश्न, वेळापत्रक, हे सगळं ओझं आरटीएस,एसने वाहिलं होतं.

जीएसकेनेही पुढे आरटीएस,एसचं उत्पादन हैदराबादच्या भारत बायोटेककडे सोपवायला घेतलं. दोघांनी मिळून २०२८ पर्यंत किंमत पाच डॉलरच्या आत आणण्याचं २०२५ मध्ये जाहीर केलं. म्हणजे थोड्याच वर्षांत दोन्ही लसी भारतातून जातील.

मग ती भामरागडला का नाही, हा प्रश्न मराठी वाचकाला पडणारच. उत्तर लसीच्या स्वभावात आहे. ही लस मलेरियाच्या परजीवीच्या फक्त फाल्सिपेरम या जातीवर चालते. आपल्याकडे व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीचाही मोठा वाटा आहे. शिफारस आहे ती मध्यम ते तीव्र प्रसाराच्या प्रदेशातल्या लहान मुलांसाठी. आपल्याकडे हिवताप जंगलात जाणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या मोठ्या माणसांनाही तितकाच गाठतो. आणि ही लस माणसाकडून डासाकडे जाणारा परजीवी थेट अडवत नाही. जिथे निर्मूलनाचं ध्येय आहे, तिथे फवारणी, मच्छरदाणी, लवकर तपासणी आणि पूर्ण उपचार हेच अजून जास्त कामाचं. प्रसारही थांबवेल अशी लस भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद करू पाहते आहे, पण ती अजून माणसांवरच्या चाचण्यांच्या अलीकडेच आहे.

आता अडतंय कुठे

डोस आहेत, शिफारस आहे, वीसहून अधिक आफ्रिकी देशांत लस सुरू झाली आहे. आता दोन गोष्टी उरतात. एक, पैसा. जून २०२५ मध्ये ब्रसेल्सला ‘गावी’ या निधीसंस्थेने पुढच्या पाच वर्षांसाठी ११.९ अब्ज डॉलर मागितले. नऊ अब्जांच्या थोडं वर हाती आलं आणि अमेरिकेने हात काढून घेतला. डोस पुण्यात बनले तरी त्यांचं बिल मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाचं किंवा दक्षिण सुदानचं सरकार स्वतःच्या तिजोरीतून भरू शकत नाही.

दुसरी गोष्ट जुनीच, चौथा डोस. प्रायोगिक वापरात पहिल्या डोसला बाळं आली. तिसऱ्यापर्यंत थोडी गळाली. चौथ्याला गळती ठळक झाली. दोन वर्षांच्या मुलाला घेऊन केंद्रावर येण्याचं दुसरं काही निमित्त नसतं, ते धावायला लागलेलं असतं, घरात कदाचित पुढचं बाळ आलेलं असतं. घानाने यावर बैठक-अहवालांपेक्षा सोपा मार्ग काढला. चौथा डोस चोवीसवरून अठराव्या महिन्यावर आणला, कारण गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि मेंदूज्वराची लस तिथे त्याच महिन्यात असते.